शर्यत कोणाच्या मापाची?

१ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या आरंभरेषेवर सहा स्त्रिया सुरुवातीचा बार ऐकून धावल्या नाहीत; त्या जागच्या जागी खाली बसल्या. अमेरिकेतील हौशी खेळांचे तेव्हा नियमन करणाऱ्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनने स्त्रियांना मॅरेथॉन धावण्याची परवानगी नुकतीच दिली होती, पण त्यांनी पुरुषांबरोबर सुटू नये अशी अट घातली होती. म्हणून स्त्रियांची शर्यत दहा मिनिटे आधी सुरू व्हायची होती. तो बार झाला, आणि या सहाजणी निषेधाचे फलक हातात धरून ती दहा मिनिटे बसून राहिल्या. पुरुषांसाठी दुसरा बार झाला तेव्हा त्या उठल्या आणि सगळ्यांबरोबर धावू लागल्या. त्यांच्यातल्याच नीना कुसिक त्या दिवशी स्त्रियांमध्ये पहिल्या आल्या.

गंमत अशी, की आज लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही मॅरेथॉनमध्ये अव्वल स्त्री धावपटूंना पुरुषांच्या आधीच सोडले जाते, आणि त्यासाठी रस्त्यावर कोणी बसत नाही. सगळे एकत्र सुटले की आघाडीची स्त्री पुरुषांच्या घोळक्यात दिसेनाशी होते, कॅमेरा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, पहिल्या दोघींमधली चुरस कोणालाच नीट पाहता येत नाही. स्वतंत्र सुरुवातीमुळे त्यांची शर्यत डोळ्यांसमोर उलगडते. म्हणजे वरवर पाहता व्यवस्था तीच आहे. तेव्हा ती स्त्रियांना बाजूला ठेवण्यासाठी होती, आता ती त्यांना दिसू देण्यासाठी आहे. धावण्याच्या स्पर्धा स्त्रियांना आपल्या वाटाव्यात म्हणून काय करावे, या चर्चेत मला हे उदाहरण फार उपयोगी पडते, कारण सोयींची एखादी तयार यादी पुढे केल्याने हा प्रश्न सुटत नाही, हे त्यातून कळते. प्रत्येक सोय कोणाला नजरेसमोर ठेवून आखली आहे, हे विचारावे लागते. मी ज्या शर्यती धावले आणि ज्यांच्या आयोजनात थोडाफार हातभार लावला, त्यांतल्या बहुतेक एका ठरावीक धावपटूला नजरेसमोर ठेवून आखलेल्या होत्या. तो पुरुष असतो, त्याला पाळी येत नाही, त्याच्या घरी तान्हे बाळ असले तरी त्या सकाळी ते दुसरे कोणीतरी सांभाळत असते, आणि पहाटेच्या अंधारात एकट्याने बाहेर पडताना तो कपड्यांचा, रस्त्याचा आणि वेळेचा दोनदा विचार करत नाही.

या धावपटूचे चित्र काही आपोआप तयार झालेले नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी प्रथमच ८०० मीटरची शर्यत ठेवली गेली. जर्मनीच्या लीना राडके यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकली, आणि तो जागतिक विक्रम होता. वर्तमानपत्रांनी मात्र स्त्रिया धापा टाकत मैदानावर कोसळल्याची रसभरीत वर्णने छापली. अंतिम फेरीत धावलेल्या सगळ्यांनी ती शर्यत पूर्ण केली होती, आणि दमछाक झालेला माणूस अंतिम रेषेपलीकडे क्षणभर आडवा होतो हे पुरुषांच्या शर्यतींत रोज दिसत होते. पण ती वर्णनेच खरी ठरली आणि ८०० मीटरची शर्यत स्त्रियांना पुन्हा ऑलिंपिकमध्ये धावायला १९६० साल, रोम उजाडावे लागले. १९६६ मध्ये बॉबी गिब यांनी बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागितला, तेव्हा स्त्रियांचे शरीर एवढे अंतर धावण्यास समर्थ नसते, असे उत्तर त्यांना आले. त्या आरंभरेषेजवळच्या झुडपांत लपून राहिल्या, घोळक्यात शिरल्या आणि सुमारे ३ तास २१ मिनिटांत पोहोचल्यासुद्धा. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर यांनी नावाची फक्त आद्याक्षरे आणि आडनाव लिहून रीतसर नोंदणी केली, २६१ क्रमांकाचा बिब, म्हणजे धावपटूच्या कपड्यांवरची क्रमांकाची पट्टी, लावला, आणि शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने वाटेत त्यांच्या अंगावर धावून जाऊन तो ओढून काढण्याचा प्रयत्न केला. त्या क्षणाचा फोटो जगभर गेला. बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. आठजणी उतरल्या आणि आठहीजणी अंतिम रेषेपर्यंत पोहोचल्या.

या साऱ्या इतिहासात मला द्वेषापेक्षा काळजीचा सूर अधिक ऐकू येतो, आणि तोच जास्त बोचतो. तुम्हाला झेपणार नाही, तुमच्या प्रकृतीला अपाय होईल, आम्ही तुमच्या भल्यासाठीच सांगतो आहोत. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. जोन बेनॉइट यांनी ती २:२४:५२ मध्ये जिंकली, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या उन्हाने गलितगात्र होऊन लटपटत मैदानात शिरलेल्या स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस. मदतीला हात लावू दिला तर आपण बाद ठरू, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी वैद्यकीय पथकाला दूर राहायला सांगितले. त्यांना अजून घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात झालेला नाही, हे पाहून डॉक्टरांनीही त्यांना पुढे जाऊ दिले, आणि त्या ३७ व्या आल्या. १९२८ चा न्याय लावला असता तर स्त्रियांची मॅरेथॉन तिथेच बंद झाली असती. ती झाली नाही, कारण मधल्या काळात हजारो स्त्रिया ते अंतर धावून मोकळ्या झाल्या होत्या.

आजचा आयोजक कोणाचा बिब ओढत नाही. त्याला स्त्रिया हव्याच असतात. नोंदणीत त्यांचे प्रमाण वाढले तर त्याला आनंदच होतो. अडचण असते ती नियमावलीच्या बारीक अक्षरांत, आणि त्यातही नोंदणी पुढे ढकलण्याच्या कलमात. याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१८ चे आहे. माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी, सुमारे १७० किलोमीटरची यूटीएमबी ही डोंगरी शर्यत. तिच्यात प्रवेश मिळवायचा तर आधी दुसऱ्या ठरावीक शर्यती पूर्ण कराव्या लागतात, मग सोडतीत नाव यावे लागते. ब्रिटनच्या सोफी पॉवर यांना प्रवेश मिळाला होता, पण दरम्यान त्या गरोदर राहिल्या. दुखापत झालेल्या धावपटूला आपली जागा पुढच्या वर्षावर नेता येत होती. गरोदर स्त्रीला नाही. तीन महिन्यांचे बाळ असताना त्या शर्यतीत उतरल्या. वाटेतल्या कुर्मायर येथील थांब्यावर त्या बाळाला एका बाजूने पाजत आहेत, दुसऱ्या बाजूने पंपाने दूध काढत आहेत, आणि शेजारी एक पुरुष धावपटू पाय वर करून निवांत पडला आहे, असा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध झाला. पुष्कळांनी तो आईपणाच्या पराक्रमाचा फोटो म्हणून डोक्यावर घेतला. स्वतः पॉवर यांचे म्हणणे वेगळे होते: नियम नीट असता, तर ही वेळ आलीच नसती. पुढे २०२२ मध्ये त्यांनी ‘शीरेसेस’ ही संस्था काढली, जी आयोजकांना अशाच बाबतींत सल्ला देते.

हा फोटो पाहताना कौतुकाचा मोह आवरावा, असे मला वाटते. ज्या व्यवस्थेने तिला कात्रीत धरले, त्या व्यवस्थेकडे दुर्लक्ष करून तिच्या जिद्दीला टाळ्या वाजवणे फार सोपे असते. बाळंतपणानंतर पुन्हा धावू लागण्याविषयी शरीरोपचारतज्ज्ञांनी (फिजिओथेरपिस्टनी) २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पहिले तीन महिने तरी धावणे टाळावे आणि नंतरही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी करूनच हळूहळू सुरुवात करावी. आता हिशेब करून पाहावा. गरोदरपणाचे नऊ महिने, त्यानंतरचे किमान तीन, मग सरावाला लागणारा अर्धाएक वर्षाचा काळ. म्हणजे प्रवेशासाठी लागणाऱ्या पात्रता वेळेची किंवा मिळालेल्या जागेची मुदत एका वर्षाची असेल, तर ती बहुतेक आयांसाठी आधीच संपलेली असते. लंडन मॅरेथॉनने २०२२ मध्ये आपले धोरण बदलून गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या धावपटूंची जागा राखून ठेवण्याची सोय केली, बॉस्टननेही तशी सोय केली, आणि यूटीएमबीचा नियमही बदलला. चांगले धोरण ओळखण्याची माझी खूण साधी आहे. ते नोंदणीच्या पानावर, पैसे भरण्याआधी, सहज दिसते का? ज्या स्त्रीला अजून घरातही कोणाला सांगायचे नाही, तिला एखाद्या अनोळखी कारकुनाला ईमेल लिहून आपले गरोदरपण सिद्ध करावे लागते का? आणि गर्भपात झाला तर काय, याचे उत्तर त्यात आहे का? यातले शेवटचे उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळते.

आता स्वच्छतागृहांविषयी, ज्याबद्दल लिहिताना लोक उगाच संकोचतात. आयोजनाच्या बैठकांत पदकाच्या रचनेवर जितका वेळ जातो, त्याच्या एक चतुर्थांश वेळ या विषयाला मिळाला तरी पुष्कळ झाले, असा माझा अनुभव आहे. स्त्री-पुरुषांची संख्या समान आणि कक्षही समान, असे गणित कागदावर न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ते तसे नसते. स्त्रीला कपडे उतरवून बसावे लागते, पाळी असेल तर आणखी वेळ लागतो, आणि पुरुषांपैकी बरेचजण आडोसा शोधून मोकळे होतात. त्यामुळे सुरुवातीच्या बाराच्या आधी स्त्रियांची रांग हलत नसते आणि आपल्या गटाची सुटण्याची वेळ जवळ येत असते. उपायही अवघड नाही. पुरुषांसाठी उघड्या मुताऱ्या वेगळ्या उभ्या केल्या की बंद कक्षांवरचा ताण एकदम कमी होतो. उरलेल्यांतले काही कक्ष फक्त स्त्रियांसाठी ठेवावेत आणि ते रस्त्यावर पहिल्या टप्प्यापासून असावेत, कारण बाळंतपणानंतर धावताना लघवी थेंबथेंब गळणे ही अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे आणि पुष्कळजणी केवळ तिच्या धास्तीने लांब अंतराची नोंदणी करत नाहीत. प्रत्येक कक्षात झाकणाची कचरापेटी असावी, आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पॅड असावेत, न मागता दिसतील असे. तिथे उभा असलेला सोळा वर्षांचा स्वयंसेवक ते मागितल्यावर लाजून इकडेतिकडे पाहणार नाही, एवढी तयारी त्याच्याकडून आधी करून घ्यावी. २०१५ मध्ये किरण गांधी यांनी लंडन मॅरेथॉन पाळीच्या पहिल्या दिवशी काहीही न वापरता धावून पूर्ण केली, तेव्हा जगभर गदारोळ उठला. त्यांच्या कृतीविषयी कोणाचे काहीही मत असो, चार-पाच तास धावणाऱ्या हजारो स्त्रियांपैकी काहीजणींना त्या दिवशी पाळी आलेली असणारच, ही साधी गोष्ट त्या गदारोळात प्रथमच मोठ्याने बोलली गेली.

तान्ह्या बाळांच्या आयांसाठी सुरुवातीच्या जागी एक बंदिस्त, स्वच्छ खोली किंवा तंबू पुरेसा असतो. मोठ्या शर्यतींत धावपटूंना दोन-दोन तास आधी गटांत उभे केले जाते. शर्यत आणि परतीचा वेळ धरला तर आई बाळापासून सहा-सात तास दूर राहते, आणि दूध न काढता एवढा वेळ काढणे वेदनेचे असते, कधी आजाराचेही. जॅस्मिन पॅरिस यांनी २०१९ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमधली २६८ मैलांची स्पाइन रेस ८३ तास १२ मिनिटांत जिंकली, स्त्री-पुरुष सर्वांना मागे टाकून आणि आधीचा विक्रम बारा तासांनी मोडून, तेव्हा त्या थांब्यांवर मुलीसाठी दूध काढत होत्या. अशी कामगिरी लाखांत एखादीची. तंबूची गरज मात्र सगळ्यांनाच पडते.

टी-शर्टचा विषय मी लवकर संपवते. ‘सर्वांसाठी एकच माप’ म्हणून दिला जाणारा शर्ट हा पुरुषांचाच शर्ट असतो; तो खांद्यावरून ओघळतो आणि नितंबांवर अडकतो. स्त्रियांच्या मापाचे शर्ट मागवायचे, तर मोठ्या अंगाच्या स्त्रियांची मापेही मागवावीत. रंग गुलाबीच असला पाहिजे, असे नाही.

कट-ऑफचा, म्हणजे ठरावीक वेळेत एखादा टप्पा न गाठणाऱ्याला शर्यतीतून थांबवण्याचा, प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्यावर मी आयोजकांची बाजूही समजू शकते. रस्ते कायमचे बंद ठेवता येत नाहीत, स्वयंसेवकही माणसेच असतात, आणि डोंगरात अंधार पडल्यावर मागे राहिलेल्यांचा जीव धोक्यात येतो. तरीही एकूण वेळेची मर्यादा ठरवणे वेगळे आणि ती वाटेत कशी वाटून द्यायची हे वेगळे. पुष्कळ लांब शर्यतींत सुरुवातीच्या टप्प्यांचे कट-ऑफ शेवटच्या टप्प्यांपेक्षा कडक असतात. मॅरेथॉनच्या निकालांच्या अभ्यासांत स्त्रिया उत्तरार्धात सरासरीने पुरुषांपेक्षा कमी मंदावतात, असे पुन्हापुन्हा दिसून आले आहे; म्हणजे ज्या स्त्रीने जपून सुरुवात केली आणि जी एकूण वेळेत निश्चित पोहोचली असती, तिला पहिल्याच थांब्यावर घरी पाठवले जाते. मर्यादा एका मिनिटानेही न वाढवता, केवळ तिची वाटणी बदलून हा अन्याय दूर होतो.

शेवटी येणाऱ्यांशी आपण कसे वागतो, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. वेळ नोंदवणाऱ्या चटया गुंडाळलेल्या, कमान उतरवलेली, पाणी संपलेले, आणि मागून येणाऱ्या गाडीतला माणूस दर पाच मिनिटांनी ‘बसता का?’ असे विचारतो आहे, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. पहिल्यांदाच धावणाऱ्यांची, वयाने मोठ्यांची, दीर्घ खंडानंतर परतलेल्यांची संख्या त्या शेवटच्या भागात जास्त असते, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. २००४ मध्ये लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनी सुरू झालेल्या पार्करन या दर आठवड्याच्या सामूहिक धावण्याच्या उपक्रमाने याला फार सुंदर तोड काढली: सर्वांत मागे एक स्वयंसेवक चालतो, त्यामुळे धावायला किंवा चालायला आलेला कोणीही शेवटचा ठरत नाही. वेळेची मर्यादा नाही, शुल्क नाही, नोंदणी एकदाच. सगळ्या शर्यती अशा होऊ शकत नाहीत, हे मान्य; पण शेवटच्या माणसासाठी एखादे पदक आणि ग्लासभर पाणी शिल्लक ठेवणे सर्वांना जमण्यासारखे आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा शर्यतीच्या मार्गावरच्या पोलिसांपुरता समजला जातो. वास्तविक सुरुवात पहाटे साडेपाचला असेल, तर स्त्रीचा प्रश्न चार वाजता सुरू होतो: तिथपर्यंत पोहोचायचे कसे, गाडी लावायची कुठे, आणि तिथून अंधारातून चालत जायचे कसे. याशिवाय बिबवर ठळक छापलेले पहिले नाव, नावावरून कोणालाही शोधता येणारे निकाल आणि धावपटू या क्षणी कोणत्या किलोमीटरवर आहे हे सर्वांना दाखवणारे अ‍ॅप. या गोष्टी घरच्यांच्या सोयीसाठी असतात, हे खरे; पण ज्या स्त्रीचा कोणी पाठलाग करतो आहे किंवा जी हिंसक नवऱ्यापासून वेगळी झाली आहे, तिच्यासाठी तो धोका आहे. नाव लपवण्याचा पर्याय नोंदणीच्या अर्जातच द्यावा. वाटेत कोणी अश्लील शेरा मारला किंवा अंगाला हात लावला, तर तक्रार कोणाकडे करायची, हा क्रमांक बिबच्या मागच्या बाजूला छापावा, आणि तो उचलणारी व्यक्ती शर्यत सुरू असताना जागेवर असावी.

केवळ स्त्रियांसाठीच्या शर्यतींवर धावणाऱ्यांमध्ये बरेच मतभेद आहेत. काहीजणींना त्या वेगळा डबा वाटतात. १९७८ मध्ये अटलांटा येथे स्विट्झर यांच्या पुढाकाराने स्त्रियांची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली, १९८० मध्ये तिच्याच मालिकेतली लंडनची शर्यत झाली, आणि वेगवेगळ्या देशांतल्या स्त्रिया हे अंतर उत्तम धावतात हे ऑलिंपिकच्या सूत्रधारांना दाखवण्यात त्या शर्यतींचा वाटा मोठा होता. म्हणून त्यांना मी कमी लेखत नाही. माझा आक्षेप एवढाच, की स्त्रियांची शर्यत म्हटले की तीन किंवा पाच किलोमीटर, फुगे आणि गुलाबाचे फूल, हे समीकरण आपण मोडायला हवे. माळरानातून धावण्याच्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत मुख्य (सीनियर) गटातल्या स्त्रिया आणि पुरुष समान अंतर, १० किलोमीटर, धावले ते पहिल्यांदा २०१७ मध्ये, कंपाला येथे. इतका उशीर कशासाठी झाला, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र शेवटच्या दिवसाचा मान पुरुषांऐवजी स्त्रियांच्या मॅरेथॉनला मिळाला. १७८९ मध्ये स्त्रियांनी पॅरिसहून व्हर्सायवर नेलेल्या मोर्चाच्या स्मरणार्थ तो मार्ग आखला होता, आणि नेदरलँड्सच्या सिफान हसन यांनी तो २:२२:५५ मध्ये पार केला. साध्या शर्यतीच्या आयोजकालाही यातून घेण्यासारखे काही आहे. स्त्रियांचे बक्षीस पुरुषांच्या बक्षिसानंतर, गर्दी पांगल्यावर, घाईघाईने उरकू नये. आणि निवेदकाने विजेत्या पुरुषाची वेळ सांगून विजेत्या स्त्रीच्या हसण्याचे कौतुक करू नये.

या साऱ्या गोष्टी ठरतात त्या बैठकीत स्त्रिया किती असतात, हे मी मुद्दाम मोजते. बिब वाटपाच्या टेबलावर आणि पाण्याच्या थांब्यावर त्या भरपूर असतात. मार्ग, वेळ, कट-ऑफ आणि खर्च ठरवणाऱ्या खुर्च्यांवर कमी.

शर्यत संपली की आयोजक अभिप्रायाची प्रश्नावली पाठवतात, आणि ती बहुधा अंतिम रेषा ओलांडणाऱ्यांनाच जाते. उत्तरे चांगली येतात आणि सगळे छान चालले आहे, अशी समजूत होते. जिने अर्ज उघडून तिसऱ्या पानावर बंद केला, जिने पैसे भरले पण त्या सकाळी आलीच नाही, जिला पहिल्या कट-ऑफवर थांबवले, तिला कोणी काही विचारत नाही. यातल्या निदान शेवटच्या दोघींचे संपर्क तरी आयोजकांकडे असतातच. नोंदणी केलेल्या, प्रत्यक्ष सुटलेल्या आणि पोहोचलेल्या स्त्रियांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांशेजारी मांडले, आणि जिथे फरक दिसेल तिथल्या पाच-दहाजणींना फोन केला, तर पुढच्या वर्षीच्या बैठकीत कशावर बोलायचे हे त्या एका दुपारीच ठरेल.